सूनबाईंचा कंबरपट्टा



अमेरिकेहून परत येऊन पाच आठवडे झाले. बॅगा अजून पुरत्या रिकाम्या झालेल्या नाहीत, पण फोन मात्र पहिल्या दिवसापासून चालू आहेत. तब्येत, विमानप्रवास, तिकडची थंडी हे सगळं विचारून झालं की पलीकडचा आवाज जरा खाली येतो आणि मग खरा प्रश्न येतो. "काय गं, तुझ्या सुनेने म्हणे पिस्तूल घेतलं?" धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, मावसबहिणीने विचारलं, पुण्याच्या भाच्याने तर हसत हसत "मामी, आता तुमची काय बिशाद सुनेला बोलायची!" असंही म्हणून घेतलं. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

हो, घेतलं. आणि ते ज्यावर अडकवायचं तो कंबरपट्टा मी घेऊन दिला.

आपल्याकडे सासूने सुनेला कंबरपट्टा केला म्हणजे तो सोन्याचा, निदान चांदीचा तरी. शिक्षिकेच्या पगारात आमच्याच्याने तेव्हा पाटल्या झाल्या तेच पुष्कळ. राहिलेला कंबरपट्टा आता झाला, पण तो निघाला चामड्याचा, दीड इंच रुंद, पितळी बक्कल असलेला! नशिबाचे खेळ, दुसरं काय.

आधी तिने ते का घेतलं ते सांगते, कारण तेवढंच वगळून बाकीचं सगळं नातेवाइकांत पोचलेलं आहे. सूनबाई गुरांची डॉक्टर आहे. टेक्सासात त्यांच्या गावाभोवती मैलोन् मैल कुरणं आहेत. अडलेली गाय रात्र बघत नाही. रात्री एकला, दोनला फोन आला की ही एकटी आपला पिकअप ट्रक काढून निघते. तीस-चाळीस मैलांत दिवा नाही, मध्ये मध्ये फोनला रेंज नाही. दीड वर्षापूर्वी अशाच एका रात्री एक गाडी तिच्या मागे लागली. हिने वेग कमी केला की तिचा कमी, हिने वाढवला की तिचा जास्त. असं बारा मैल चाललं. शेवटी एका ओळखीच्या कुरणाचं फाटक दिसलं तिथे ही आत वळली आणि ती गाडी पुढे निघून गेली. बस्स, एवढंच घडलं. पण पुढचे कित्येक दिवस ती झोपली नाही, आणि मग तिने ठरवलं.

चिरंजीवांना पसंत नव्हतं. मलाही नव्हतं, आजही नाही. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. २४ मे २०२२ रोजी त्याच टेक्सासातल्या युवाल्डी गावी प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गोळ्यांनी गेल्या, ती बातमी वाचली तेव्हा मला रात्रभर माझे वर्ग आठवत होते. तेव्हा "घरात बंदूक असली की माणूस सुरक्षित" हे मला कुणी कितीही पटवलं तरी पटणार नाही. हे मी सूनबाईला एकदाच, शांतपणे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही रात्री दोन वाजता त्या रस्त्यावर माझ्या शेजारी बसून या, मग सांगा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी परत तो विषय काढला नाही. निर्णय तिचा होता आणि तिने तो घेतला होता. मग उरला तो दुसराच प्रश्न : हे आता बाळगायचं आहे, तर ते नीट कसं बाळगायचं?

कायद्याचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या, ज्याला कायद्याने मनाई नाही अशा माणसाला परवान्याशिवायसुद्धा पिस्तूल बाळगता येतं. आपल्याला वाचूनच घाम फुटतो. मात्र ते उघड दिसत असेल तर होल्स्टरमध्येच हवं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. २०१६ पासून परवानाधारकांना उघड बाळगायची मुभा मिळाली तेव्हा तर "कमरेच्या किंवा खांद्याच्या होल्स्टरमध्ये" असे शब्द होते. सूनबाईने गरज नसताना परवानाही काढला. वर्गात बसली, लेखी परीक्षा दिली, नेमबाजीची परीक्षा दिली. नातवाला शाळेत सोडायला जावं लागतं, शेजारच्या राज्यांत जावं लागतं, तिथे कागद हातात असलेला बरा, असं तिचं म्हणणं.

आता होल्स्टर म्हणजे काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? तलवारीला म्यान असतं तसं पिस्तुलाचं म्यान, एवढीच माझी कल्पना. आणि पट्टा म्हटलं की डोळ्यांसमोर 'शोले'तला गब्बर, दगडावरून पट्टा फरफटत नेणारा. पण तिथे एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात तीन तास बसले तेव्हा कळलं, की यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. शिकवणं सुटलं तरी शिकण्याची खोड काही जात नाही.

दुकान म्हणजे घरामागची एक शेड. दार उघडलं आणि वास आला. मंडळी, तो वास मी साठ-पासष्ट वर्षांनी घेतला! माझ्या माहेरी, कोल्हापूरच्या बाजूला, गावाच्या टोकाला चामडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी, त्यात मुरणारी कातडी. कातड्याची पिशवी शिवून तीत ते सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचे. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच तयार होतं. या कारागिराकडचं चामडंही रसायनाचं नव्हे, सालीच्या अर्कानेच कमावलेलं. कसली साल म्हणून विचारलं तर म्हणाला, मिमोसा. चिरंजीवांनी फोनवर शोधून दाखवलं, ते झाड आपल्या बाभळीच्याच गोतावळ्यातलं. घ्या! एवढे समुद्र ओलांडून गेले आणि भेटली कोण, तर बाभळीची बहीण.

हे सालीचं चामडंच का? तर त्याला पाण्याने भिजवून हवा तो आकार देता येतो आणि वाळलं की तो आकार ते सोडत नाही. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ राहतं, पर्सला आणि बुटाला चांगलं, पण त्याला आकार धरवत नाही आणि त्यातल्या क्षारांनी लोखंडाला गंजही चढू शकतो. कारागिराकडे फळीवर निळ्या प्लॅस्टिकची नकली पिस्तुलं ओळीने मांडलेली होती, प्रत्येक मॉडेलचं एक. त्यावर ओलं चामडं चढवून हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने दाबत दाबत तो उंचसखल भाग उठवत होता. होल्स्टर असं 'लहान, मध्यम, मोठं' मिळत नाही. ज्या पिस्तुलाचं त्याचंच ते. दुसरं पिस्तूल त्यात कोंबायचं नाही.

त्याने आम्हाला चार गोष्टी तपासायला शिकवल्या. मी माझ्या सवयीने वहीत लिहून घेतल्या, तशाच देते.

पहिली, चाप पूर्ण झाकलेला हवा. चापाभोवती जी कडी असते तिच्यासकट सगळं जाड चामड्याच्या आत. बोट, बटण, सदऱ्याची गाठ, काही म्हणजे काही आत शिरता कामा नये. बाकी सगळं जमलं आणि हे नसलं तर ते होल्स्टर नव्हे.

दुसरी, पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये. चांगल्या होल्स्टरच्या तोंडाशी चामड्याची आणखी एक पट्टी शिवलेली असते, काहींत आत पत्राही असतो. तोंड मिटलं तर पिस्तूल परत ठेवताना दुसरा हात लावावा लागतो आणि तो हात नळीच्या समोर येतो. त्याहून वाईट म्हणजे जुनं, लुळं पडलेलं चामडं आत दुमडून चापात अडकतं आणि गोळी सुटते. असं खरोखर झालेलं आहे, म्हणून होल्स्टर लुळं पडलं की माया न करता फेकून द्यायचं.

तिसरी, पकड. उलटं धरून हलकेच हलवलं (रिकामं पिस्तूल, अर्थात!) तर पडता कामा नये. बऱ्याच होल्स्टरांत ही पकड फक्त आकाराच्या घट्टपणाची असते. काहींना वरून एक पट्टी असते, टिचबटणाची, अंगठ्याने दाबली की उघडणारी. सूनबाईला बिनपट्टीचं आवडलं होतं, सुटसुटीत म्हणून. कारागिराने विचारलं, काम काय करता? गाईच्या मागे वाकणं, कुंपणावर चढणं, चिखलात गुडघे टेकणं हे ऐकल्यावर म्हणाला, "मग पट्टीचंच घ्या."

चौथी, पट्टा. लोक पिस्तुलावर पाचशे डॉलर घालवतात, होल्स्टरवर दीडशे आणि पट्टा मात्र कपाटातला जुनाच वापरतात, असं तो म्हणाला. गोळ्या भरलेलं पिस्तूल पाऊण किलोच्या आसपास जातं. साधा पट्टा त्या वजनाने एका बाजूला लोंबतो, होल्स्टर बाहेर कलतं, पँट ओघळते आणि माणूस सारखा कमरेला हात लावत राहतो. म्हणून पट्टा दोन थरांचा, चिकटवून कडेने शिवलेला आणि होल्स्टरच्या खाचेत अगदी बरोबर बसणारा. चामड्याची जाडी तिकडे औंसात मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा आठ औंसाचं चामडं तीन मिलिमीटरहून थोडं जाड झालं. पट्ट्याचं माप पँटच्या आकड्यावरून घ्यायचं नाही. रोजच्या पट्ट्याची बक्कल जिथे वळते तिथपासून आपण वापरतो त्या भोकापर्यंत टेप धरायची. होल्स्टर पँटच्या आतून खोचायचं असेल तर इंच-दोन इंच जास्त.

आणि एक, खास बायकांसाठी. बहुतेक होल्स्टरं पुरुषांच्या सरळसोट कमरेचा विचार करून कापलेली. बाईची कंबर वर निमुळती, खाली रुंद. तिथे तेच होल्स्टर लावलं की पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते. हातही उचलून काखेपर्यंत न्यावा लागतो. मग ते थोडं खाली उतरवून आणि अंगापासून जरा लांब धरून शिवावं लागतं. सूनबाईने तीन घालून बघितली, तिन्ही टोचली. म्हाताऱ्याने कमरेचं माप दोन ठिकाणी घेतलं, कागदावर आकृती काढली आणि पाचराच्या आकाराचा एक तुकडा मध्ये घालायचं ठरवलं. आपला शिंपी पोलक्याला कळी घालतो ना, तसं.

चामडं गाईचं की घोड्याचं, असंही त्याने विचारलं. घोड्याचं दाट असतं, पातळ असून टणक राहतं आणि घामाला दाद देत नाही. सूनबाई घोड्यांवरही उपचार करते. ती काही न बोलता गाईच्या चामड्याकडे वळली. मग दोघी एकमेकींकडे बघून हसलो, कारण गाई तरी ती कुठे कमी वाचवते? पण माणसाचं मन असंच कुठेतरी रेघ ओढतं.

चिरंजीवांचं मत अर्थातच वेगळं. त्यांना कायडेक्स नावाचं प्लॅस्टिक हवं होतं. त्याला घाम लागत नाही, ते लुळं पडत नाही, पिस्तूल आत गेलं की टक्कन आवाज येतो आणि किंमतही कमी. यातलं काही खोटं नाही. कारागिरानेही मान्य केलं. पण सूनबाईला बारा-चौदा तास ते अंगावर वागवायचं, आणि चामडं हळूहळू अंगाचा आकार घेतं. तिने चामडं निवडलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. भिंतीवर खांद्याचं एक होल्स्टर टांगलेलं होतं, सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखं. दोन खांद्यांवरून पट्टे, काखेत पिस्तूल आडवं. सूनबाईने घालून बघितलं. ट्रकमध्ये तासन् तास बसायला हेच सगळ्यांत सोयीचं, कमरेला काही टोचत नाही, वरून जाकीट घातलं की दिसतही नाही. तिला फारच आवडलं. ती आरशासमोर उभी होती, मी मागे खुर्चीवर बसले होते. आणि मला दिसलं की ती नळी थेट माझ्याकडे बघते आहे. मी विचारलं, "अगं, गाडीत बसलीस की याचं तोंड कुठे येईल?"

ती क्षणभर थांबली. ट्रकच्या मागच्या सीटवर नातवाची खुर्ची असते.

चाप झाकलेला असतो, आपोआप काही होत नाही, हे कारागिराने सांगितलं आणि ते बरोबरच असणार. पण तिने पट्टे एकेक करून उतरवले आणि ते होल्स्टर परत खुंटीला अडकवलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. कमरेचं, नळी जमिनीकडे असलेलं होल्स्टर पक्कं झालं. तेही टिचबटणांच्या लूपचं, म्हणजे पिस्तूल आत ठेवूनच अख्खं होल्स्टर पट्ट्यावरून काढता येतं. नातवाला आणायला शाळेच्या इमारतीत जायचं तर तिथे पिस्तूल नेणं गुन्हा. अशा वेळी गाडीत बसून नुसतं पिस्तूल हाताळण्यापेक्षा होल्स्टरसकट काढून गाडीतल्या कुलुपाच्या पेटीत ठेवणं केव्हाही बरं.

नऊ आठवड्यांनी सगळं तयार झालं. आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, कारागिराने आपलं नाव आणि साल ठोकलं होतं. ते बघून मला माहेरच्या त्या वस्तीची आठवण झाली. त्यांनी केलेल्या चपला आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं वापरल्या. त्यांच्या रापीला आणि आरीला या म्हाताऱ्याच्या हत्यारांइतकीच धार होती, टाका तसाच एकसारखा. पण त्यांनी नाव कुठे ठोकायचं? ती माणसं तर गावकुसाबाहेर. त्यांच्या हातची चप्पल घरात चालायची, ते स्वतः अंगणापर्यंतच. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे रागावलो, की कारागिरांचं नाव घेतलं नाही. रागावलो ते योग्यच. पुढे त्या कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्यही केलं. पण आपण तरी त्यांचं नाव कधी विचारलं होतं? असो. विषय कुठल्या कुठे गेला.

नवं होल्स्टर फार घट्ट होतं. माझा हात लगेच तेलाच्या बाटलीकडे वळला असता, नवी कोल्हापुरी आपण तेल देऊनच मऊ करतो ना. पण देताना कारागिराने निक्षून सांगितलं होतं, तेल अजिबात नको. चप्पल मऊ व्हायला हवी, होल्स्टर मऊ होता कामा नये. रिकामं पिस्तूल पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवायचं, की तेवढं सैल पुरे. आणि एरवी पिस्तूल होल्स्टरमध्ये साठवून ठेवायचं नाही. चामड्यात ओल राहते, लोखंड गंजतं.

मग ते राहतं कुठे? भिंतीत बसवलेल्या, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या लोखंडी पेटीत. ही माझी एकच अट होती. पट्ट्याचे पैसे मी देते म्हटलं, माझ्या पेन्शनचे, पण पेटी आधी आणि पट्टा मागून. ती अट तिने माझ्याआधीच मनात धरलेली होती. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं तिथे गुन्हाच आहे. पण कायदा मूल परत आणून देत नाही, हे तीच म्हणाली.

नातू सहा वर्षांचा. एकदा रिकामं होल्स्टर खुंटीवर दिसलं तेव्हा मला म्हणाला, "आजी, हे आईच्या डॉक्टरच्या सामानाचं आहे का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आईला विचार म्हणाले. तिने त्याला जवळ घेऊन खरं सांगितलं. काय आहे, कशासाठी आहे, आणि कुठेही, कुणाच्याही घरी असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघून यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. त्याच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. मी ऐकत होते. इतक्या वर्षांत मी कितीतरी गोष्टी मुलांकडून घोकून घेतल्या, पाढे, कविता, सनावळ्या. असा धडा कधी घ्यावा लागला नव्हता.

तर जाऊबाई, आणि बाकी सगळे, ही अशी हकीकत आहे. मला ते पिस्तूल आवडत नाही. पण रात्री फोन वाजला, ती निघाली आणि तिच्या कमरेला तो पट्टा दिसला की मी काळजी कमी करायचे की जास्त, हे मला तिथे असताना कळलं नाही. ट्रकचे दिवे परत अंगणात वळेपर्यंत मी जागीच असायचे. आता इथे रात्र झाली की तिकडे दिवस असतो, तेवढी झोप लागते.

एक मात्र कळकळीने सांगते. आपल्या गोतावळ्यातली बरीच मुलं आता अमेरिकेत आहेत, नातवंडं मित्रांच्या घरी खेळायला जातात. तिथे पाठवताना आपण विचारतो, कुत्रा आहे का, शेंगदाणे चालतात का. त्याच ओळीत हेही विचारायला सांगा, की तुमच्या घरी बंदूक आहे का आणि असली तर कुलुपात आहे का. सूनबाई म्हणते, तिकडे यात कुणाला राग येत नाही. आणि आला तर येऊ दे.